चाळीस सेकंदांत मोकळा होणारा माणूस

माझ्या धाकट्या दिरांना वर्षातून दहा-बारा बायका सोडून जातात आणि त्यावरच त्यांचं पोट चालतं.

टीव्हीवर नाताळाचे प्रेमाचे सिनेमे लागतात ना, ज्यांत बर्फात उभी राहिलेली, कानापर्यंत मफलर गुंडाळलेली माणसं घडाघडा आपल्या भाषेत बोलतात, त्या प्रत्येक सिनेमात एक गृहस्थ असा असतो, की नायिकेचं लग्न त्याच्याशी ठरलेलं असतं आणि शेवटी भलत्याशीच होतं. त्या गृहस्थाच्या तोंडून येणारा आवाज आमच्या भावोजींचा. नायकाचा आवाज वेगळा माणूस देतो. त्याला स्टुडिओत चहा जागेवर मिळतो. भावोजी आपला चहा आपण आणतात. बारा वर्षं हे असंच चाललंय. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. "दुसरा आलाय का?" असं विचारतात, आणि भावोजी "आलोय" म्हणतात.

मी देवभोळी बाई. देव कोणाचाही असो, त्याच्या जन्मदिवसाची गोष्ट आहे म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी हातपाय धुऊन, पदर सावरून टीव्हीपुढे बसले. दीड तास झाला. झाड आलं, मोजे आले, बिस्किटं आली, दिव्यांच्या माळा आल्या, छातीवर हरीण विणलेला स्वेटर आला. ज्याचा वाढदिवस तो काही आला नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

"भावोजी, यात देवाचा आवाज कोण देतं?" मी विचारलं.

"वहिनी, तो भागच नाहीये," ते म्हणाले.

आमच्या सासूबाई मात्र या सिनेमांच्या परमभक्त. वाहिनीलाही नाताळ पुरत नाही, त्यामुळे आमच्याकडे भर उन्हाळ्यातही दुपारी तीनला बर्फ पडतो. माझी जपमाळ असते तशी सासूबाईंची ही माळ. मणी निराळे, जप एकच. मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली एक मुलगी काही कामासाठी लहानशा गावात येते. तिच्या टाचा उंच आणि रस्ता निसरडा, त्यामुळे दहाव्या मिनिटाला ती पडते, आणि पडते ती नेमकी एका सुताराच्या अंगावर. सुतारच का, गवंडी का नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. सुताराची बायको वारलेली असते. कशाने ते विचारायचं नाही. आजारपण नाही, दवाखाना नाही, कपाटावर एक फोटो ठेवून ती बिचारी सगळ्यांच्या सोयीने गेलेली असते. मागे सात वर्षांची एक मुलगी असते, ती न्यायाधीशासारखी बोलते. गावातली जुनी खानावळ बंद पडायला टेकलेली असते. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा कारण नसताना डोळे मिचकावत हिंडतो. मग बिस्किटं करायची, एकमेकांच्या नाकाला पीठ लावायचं (मी बावीस वर्षं रोज पीठ मळते, माझ्या नाकाला एकदाही लागलेलं नाही), हळूहळू जवळ यायचं, आणि तेवढ्यात कोणीतरी दार वाजवायचं. ऐंशीव्या मिनिटाला एकाने दुसऱ्याचं अर्धंच बोलणं ऐकून तोंड फुगवायचं. विचारायचं मात्र नाही. विचारलं तर सिनेमा तिथेच संपेल आणि पुढच्या जाहिराती वाया जातील. मग शेवटी बर्फ पडतो. तो तेवढ्यासाठीच वर थांबलेला असतो.

सासूबाईंनी असे शंभर तरी पाहिले असतील. तरी दर वेळी पाय वर घेऊन बसतात आणि म्हणतात, "या खेपेला काय होतंय बघू."

"सुताराशीच होणार, आई," आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगतात.

"तू गप्प बस. तुला प्रेमातलं काय कळतंय."

मी आत तोंड दाबून भांडी घासते. दोघंही खरंच बोलत असतात.

एकदा भावोजी डबा विसरले म्हणून तो द्यायला मी स्टुडिओत गेले होते. कपाटाएवढी खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते. समोर पडदा, कानावर हेडफोन, हातात कागद. कपाळावरून घामाची धार लागलेली आणि भावोजी म्हणतायत, "किती गारठा आहे इथे." पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं काहीतरी अक्षर पडलंच पाहिजे. त्याचं तोंड बंद झालं की वाक्यही बंद. एखादा शब्द उरला तर गिळून टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नायिका बोलता बोलता थांबली रे थांबली, की लगेच सुरू करायचं. क्षणाचाही उशीर नको, कारण पडद्यावरचा माणूस आपल्यासाठी थांबत नाही.

त्यांचा मुख्य प्रसंग चाळीस सेकंदांचा. घड्याळ लावून बघा. नायिका म्हणते, "मला तुला एक सांगायचंय." बस, एवढंच. पुढचं तिला सांगावंच लागत नाही. हा पुण्यात्मा आपणहून म्हणतो, "मला माहीत आहे. तुझं मन आता इथे नाही. जा. तू सुखी राहा." हलकंसं हसतो, खुर्चीवरचा कोट उचलतो आणि मोटारीत बसून सिनेमातून निघून जातो. राग नाही, "का" नाही, "अगं पण" नाही. इथे मात्र सासूबाईसुद्धा थबकतात. "आपल्याला दूधवाला बदलायचा तर चार दिवस लागतात," त्या म्हणतात.

स्टुडिओतल्या दिग्दर्शक बाई एकदा भावोजींना म्हणाल्या, "तुझ्या आवाजात हरण्याची गोडी आहे." ते त्यांनी घरी येऊन जेवताना कौतुकाने सांगितलं. मी भाजी वाढली.

खरं सांगायचं तर बाईंनी पारख बरोबर केली होती. भावोजी जन्मतःच दुसरे. सकाळी न्हाणीघरापुढे त्यांचा नंबर पहिला असला तरी "तुम्ही जा दादा, काही हरकत नाही" म्हणत ते शेवटी आंघोळ करतात, आणि तोवर गरम पाणी संपलेलं असतं. सत्ताविसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "आम्हाला जरा विचार करायला वेळ द्या." भावोजी "काही हरकत नाही" असं इतक्या मायेने म्हणाले, की त्या लोकांना वाटलं, नकारच आहे. ते परत आलेच नाहीत. पुढे दोन-तीन वेळा असंच झालं. मुलगी गेली की भावोजी जिन्यापर्यंत पोचवायला जायचे.

एकोणचाळिसाव्या वर्षी देवाने त्यांच्या दाराशी तपासनीस बाई आणून उभी केली. शब्दशः दाराशी. आमच्या गल्लीतल्या नळांना आठवडाभर पिवळं पाणी येत होतं, म्हणून पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून नमुना घ्यायला त्या आल्या. पस्तिशीच्या, काटक, खांद्याला बाटल्यांची पेटी. त्यांनी आधी आमच्या नळाचं तोंड ज्योतीने शेकलं, मग दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरून वर चिठ्ठी चिकटवली. भावोजी जवळ उभे राहून बघत होते.

"कसं आहे पाणी?" त्यांनी विचारलं.

"परवा कळेल."

"अंदाजे?"

"अंदाजे सांगणारे ज्योतिषी. ते पलीकडच्या गल्लीत बसतात."

अहवाल टपालाने घरी येतो. भावोजी तो आणायला स्वतः गेले. पुढच्या महिन्यात पाणी स्वच्छ झालं तरी भावोजी अहवाल आणायला जातच राहिले. आठ महिन्यांनी दोघांचं लग्न ठरलं, चार महिन्यांनंतरची तारीख धरली. दोघंही एकमेकांना "तुम्ही" म्हणत. सासूबाई मला कुजबुजत म्हणाल्या, "ही पडली वगैरे होती का गं कुठे?" मी म्हटलं, "नाही, आई. नळ शेकत होती." त्यांना ते जरा कमीच वाटलं.

आता त्या मंगळवारचं सांगते.

त्या दिवशी सकाळपासून भावोजींनी स्टुडिओत तोच चाळीस सेकंदांचा प्रसंग सात वेळा दिला होता. पडद्यावरचा इसम निरोप घेताना काहीतरी चघळत होता, त्यामुळे ओठ जुळत नव्हते. संध्याकाळी सहाला दमून घरी आले, तोंड धुतलं, टॉवेल स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टाकला. मी शेंगा सोलत बसले होते. तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. चेहरा जरा ओढलेला, खांद्याला नेहमीची पिशवी. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," त्या भावोजींना म्हणाल्या. "माझी बदली झालीय. दोन वर्षांसाठी. ते गाव इथून पाच तासांवर आहे. मी कालपासून विचार करतेय, आणि…"

इथे त्या पिशवीची चेन उघडायला थांबल्या. चेन अडकली होती.

थांबल्या रे थांबल्या, की भावोजी सुरू झाले. "मला माहीत आहे," ते म्हणाले. आवाज असा, की लोण्यात सुरी फिरावी. "तुझं मन आता इथे नाही. जा. तू सुखी राहा."

आणि हलकंसं हसले. अहो, खरंच हसले. कोट नव्हता म्हणून खुर्चीवरचा टॉवेल उचलला.

बाईंचा हात अर्धवट उघडलेल्या पिशवीत तसाच राहिला. त्यांनी भावोजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अर्धी सोललेली शेंग. "बरं," त्या म्हणाल्या. चेन लावली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

"भावोजी, हे काय केलंत?"

"वहिनी, त्यांना जायचंच होतं. सांगायला जड जात होतं. मी सोपं करून दिलं."

"जायचंय असं त्या कधी म्हणाल्या?"

"थांबल्या ना त्या."

"पिशवी उघडायला थांबल्या त्या."

भावोजींनी जरा विचार केला. "चेन जडच आहे त्या पिशवीची," ते म्हणाले.

बोलणं ऐकून सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. मी झालं ते सांगितलं. त्यांनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं. "गेली? मग सुतार कोण आहे?"

"सुतार नाहीये, आई," भावोजी म्हणाले.

"सुतार नाही तर सोडलीस कशाला?"

भावोजींनी हातातला टॉवेल परत खुर्चीवर ठेवला.

पुढचा दीड दिवस भावोजींनी टाकलेल्या माणसाचं काम इतकं बेमालूम केलं, की मला दृष्ट काढावीशी वाटली. जेवण निम्मं, खिडकीशी उभं राहणं भरपूर, कोणी काही विचारलं की "काही हरकत नाही". फोन केला नाही. तिकडूनही आला नाही. आमचे हे म्हणाले, "त्यांचं ते बघतील." पुरुषमाणसं हे वाक्य आळसालाही वापरतात आणि शहाणपणालाही, ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने घ्यायचं.

गुरुवारी सकाळी देवापुढे बसले. भावोजींसाठी मनापासून मागणं मागितलं. मागता मागता लक्षात आलं, की देव काही पाणीखात्यात जायचा नाही. उठले, नळाचं पाणी एका बाटलीत भरलं आणि निघाले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. पांढऱ्या फरशीचे ओटे, ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, कोपऱ्यात जंतू वाढवून बघायचं उबेचं कपाट, आणि खिडकीत कोणीतरी हौसेने लावलेलं एक मरतुकडं रोप. एवढं तपासलेलं पाणी पिऊन ते तसं का, देव जाणे. तपासनीस बाईंनी मला पाहिलं आणि सरकारी चेहरा केला.

"काय तक्रार आहे?"

"पाण्याला वास येतोय."

"कसला?"

"मूर्खपणाचा."

त्या हसल्या नाहीत. बाटलीचं बूच उघडून त्यांनी खरंच वास घेतला. "ही तेलाची बाटली होती, वहिनी. असा नमुना चालत नाही." मग बूच लावलं, स्टूल पुढे सरकवलं आणि खणातून एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. "मी परवा यावर सही घ्यायला आले होते. त्यांनी आशीर्वाद दिला."

लिफाफ्यात एक टाइप केलेलं पत्र होतं. त्यांच्या खात्यात नियम आहे म्हणे: नवरा-बायकोला शक्यतो एका गावात ठेवायचं. लग्न झालेलं नसलं तरी पंधरा दिवसांत होणार, असं दोघांच्या सहीने लिहून दिलं तर बदली रद्द करता येते. शुक्रवारी पाचपर्यंत. लग्न अलीकडे घेऊ या का, एवढं विचारायला ती पोर आली होती, पत्र टाइप करून.

"आठ महिने तुम्ही-तुम्ही केलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा तू म्हणाले, ते 'जा' म्हणताना."

"मग तिथल्या तिथे बोलायचंत ना. 'बरं' काय म्हणालात?"

"हात जोडून सही मागू? मला वाटलं, यांना सुटायचंच होतं, बदली म्हणजे निमित्त सापडलं." त्यांनी बाटली पुसायला घेतली, जी आधीच कोरडी होती. "आणि काल सकाळी मी लिहून दिलं, बदली मान्य आहे म्हणून."

"काल? किती वाजता?"

"दहाला. कचेरी साडेदहाला उघडते. मी दारात उभी होते."

मी कपाळाला हात लावला. सिनेमातल्या लोकांना निदान लिहून दिलेलं असतं म्हणून ते न विचारता तोंड फुगवतात. ही दोघं विनामूल्य करत होती.

"ते लिहिलेलं मागे घेता येतं?"

"अर्ज करता येतो. मानतील असं नाही. पण तो मी एकटी करणार नाही." त्या जरा थांबल्या. या वेळी मी मध्ये बोलले नाही. "त्यांना सगळं सांगा, वहिनी. फक्त इथे येऊन काय बोलायचं, ते सांगू नका."

संध्याकाळी भावोजी स्टुडिओतून आल्यावर मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसले. तोंड उघडं, कान लाल.

"पत्र टाइप केलं होतं त्यांनी?" ते म्हणाले.

"टाइप केलं होतं."

"मग आता मी काय म्हणू?"

"मला काय माहीत."

"वहिनी, दोन ओळी तरी लिहून द्या. बाकी मी सांभाळून घेतो."

"एक अक्षर देणार नाही."

"पळत जा," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी पळत जातात."

"आई, आता साडेपाच वाजलेत. कचेरी बंद झाली," भावोजी म्हणाले. "उद्या साडेदहाला उघडेल."

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्टुडिओत फोन केला, आज येत नाही. तिकडून विचारलं, कोण बोलतंय. बारा वर्षांत त्या आवाजात "नाही" कोणी ऐकलंच नव्हतं. मग चांगला शर्ट घातला, पहिली आंघोळ केल्यामुळे चेहरा जरा ताजा होता, आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसत्या सोबत चला." सासूबाईंनी मला डोळ्यांनीच ढकललं.

पोचलो तर शिपाई म्हणाला, बाई उबेच्या कपाटातल्या बशांतले जंतू मोजतायत, मध्ये उठता येत नाही, बसा. आम्ही बाकावर पाऊण तास बसलो. नाट्यमय भेटींची ही एक अडचण मला कधी सिनेमात दिसली नाही. तिथे सुतार कायम मोकळाच असतो. अखेर बाई हातमोजे काढत बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

भावोजी उठले. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी नजर फरशीवर ठेवली आणि मनात जप सुरू केला.

"तुम्ही 'बरं' का म्हणालात?" भावोजी म्हणाले.

मला वाटलं, संपलं. चूक भावोजींची आणि जाब तिला.

"मग काय म्हणायला हवं होतं?" बाईंनी विचारलं.

"विचारायला हवं होतं. कोणी असं एकदम 'जा' म्हटलं तर विचारतात, का म्हणून. भांडतात. नळाच्या पाण्याला दोन दिवस देतेस तू. मला दोन मिनिटं दिली नाहीस."

"आणि तुम्ही मला किती दिलीत?"

"ते माझं चुकलं. माझं सवयीने चुकलं. तुझं कशाने चुकलं?" आवाज चढला होता आणि मध्येच फाटत होता. लोणीबिणी कुठल्या कुठे गेलं. वाक्यं संपत नव्हती, एकात एक अडकत होती. "मला तू जायला नको आहेस. आणि जायचंच असेल तर मला विचारून जा. म्हणजे विचारून नाही, सांगून जा. म्हणजे मला घेऊन जा. म्हणजे तसंही नाही जमणार, स्टुडिओ इथे आहे, आई इथे आहे, पण…"

या वेळी थांबले ते तेच. शिपाई फायली घेऊन जात होता, तोही थांबला.

"पण काय?" बाई म्हणाल्या.

"पण माझी हरकत आहे."

बाईंनी हातातले मोजे एकात एक घालून त्यांची गुंडाळी केली, ती पुन्हा सोडवली. मग बाकावर येऊन बसल्या, मधे एका माणसाची जागा ठेवून. "सगळं एकदम बोलायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "वहिनी, त्या माठातलं पाणी द्या यांना. तपासलेलं आहे. आणि माझंही चुकलं. दहा वाजता जायला नको होतं मी."

"साडेदहाला तरी जायचंस," भावोजी म्हणाले.

अर्ज तिथेच बाकावर लिहिला. त्यात एक रकाना होता, मान्यता मागे घेण्याचे कारण. भावोजी म्हणाले, "माझी चूक, असं लिही." बाई म्हणाल्या, "त्याला कलम नाही." दोघांचं त्यावर दहा मिनिटं चाललं. शेवटी "घरगुती" असं लिहून दोघांनी सह्या केल्या आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"परवा मान्य, आज अमान्य. बाई, दूषित पाण्याचा अहवालही तुम्ही इतक्या लवकर बदलत नाही."

"साहेब, नमुना चुकीचा घेतला होता," बाई म्हणाल्या.

साहेब हसले, अर्ज वर पाठवतो म्हणाले, आणि मी बाहेर येऊन देवाचे आभार मानायला सुरुवातही केली. सिनेमात असतं तर साहेबांना आपली तरुणपणची कोणी आठवली असती, त्यांनी डोळे पुसत शिक्का मारला असता. आमच्याकडे नवव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: एकदा दिलेली मान्यता मागे घेता येत नाही, ठरल्या दिवशी रुजू व्हावे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या त्या अर्ध्या मिनिटाची दोन वर्षं झाली. मी देवापुढे बसून एवढंच म्हटलं, तुला त्या सिनेमांत ओळ देत नाहीत हे खरं, पण त्याचा राग आमच्यावर काढायला नको होतास.

भावोजींनी ते उत्तर दोनदा वाचलं. मी मनात म्हटलं, आता "काही हरकत नाही" येणार. ते फोनकडे गेले. "रुजू व्हायच्या आधी लग्न करू," त्यांनी बाईंना सांगितलं. "नाही, तू म्हणतेस म्हणून नाही. मी म्हणतोय म्हणून."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. आम्ही पाच माणसं, एक मेज आणि एक लुकलुकणारी ट्यूबलाइट. सासूबाईंना वाटलं, निदान थोडा वारा तरी सुटावा. सुटला नाही. सोमवारी नवी सून बदलीच्या गावी गेली. भावोजी सामान घेऊन बरोबर गेले, दोन दिवसांनी परतले. आता एक शनिवार सोडून एक शनिवार पाच तास जातात आणि रविवारी पाच तास येतात. येताना मान आखडलेली असते, कारण खिडकीची जागा अजून कोणी मागितली की देऊन टाकतात. सगळंच कसं सुधारेल?

रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो आणि दोघं भांडतात. विषयाला तोटा नाही. तिने तिथे घर घेतलं ते न विचारता का घेतलं. याने गेल्या खेपेला शुक्रवारी येतो सांगून शनिवारी का गाठलं. तिथल्या नळाला गाळणं लावायचं की पाणी उकळायचं, यावर तर चार दिवस गेले. काल मी जपाला बसले होते. डोळे मिटलेले, कान मात्र आतल्या खोलीकडे. देव समजून घेतो. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला होता. पडद्यावर कोणीतरी बर्फात पडत होतं, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"नाही, तू आधी माझं पुरतं ऐक," भावोजी म्हणत होते. मग बराच वेळ काहीच नाही. म्हणजे तेच ऐकत होते. मग, "बरं, पण मला ते पटलेलं नाही. का म्हणजे? सांगतो का ते."

आमचे हे बाहेरून आले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "आजही?"

"हो," मी म्हटलं.

"मिटलं का?"

"छे. आता कुठे पाऊण तास झालाय."